पीएस४ च्या बोर्डवर एचडीएमआय पोर्टजवळचा बारीक पार्ट जळालाय, तो कोणता होता हे कसं ओळखायचं? नाशिकमध्ये मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की जुना फॅट (पहिला जाड मॉडेलचा) पीएस४, म्हणजे प्लेस्टेशन ४ आहे, पांढरी लाइट लागते पण टीव्हीवर काहीच येत नाही, आणि पोर्टच्या मागे एका पार्टच्या जागी नुसते दोन काळे पॅड (पार्ट सोल्डर होतो ते धातूचे ठिपके) उरलेत. मी नाशिकलाच कन्सोल रिपेअरिंग करतो, म्हणून कळकळीने सांगतो, अंदाजाने तिथे काहीही चिकटवू नका.

आधी बोर्डवर छापलेला नंबर वाचा. सीयूएच-१००० या मॉडेलमध्ये एसएए-००१ नंबरचा बोर्ड असतो आणि सीयूएच-१२०० मध्ये एसएसी-००१, दोन्ही फॅटच, पण मांडणी वेगळी, पहिल्यात रॅमच्या १६ चिप आहेत आणि नंतरच्यात ८, मेमरी मात्र तेवढीच ८ जीबी. त्यामुळे नेटवरचा फोटो तुमच्याच नंबरच्या बोर्डचा नसेल तर तो बघून उपयोग नाही, उलट घोळच होतो.

मोठ्या चिप ओळखायला सोप्या आहेत. हीटसिंकखालची सगळ्यात मोठी ती एपीयू (मुख्य प्रोसेसर), तिच्याभोवती रॅम, आणि पोर्टच्या जवळ एमएन८६४७१ए असं लिहिलेली चौकोनी चिप म्हणजे पॅनासॉनिकचा एचडीएमआय एन्कोडर, टीव्हीकडे जाणारा सिग्नल तयार करणारी चिप.

खरी अडचण बारक्या पार्टची. शेजारी छापलेली अक्षरं बघा, आर म्हणजे रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड, एफ फ्यूज, एफबी फेराइट बीड (लाइनवरचा नॉइज अडवणारा पार्ट). पार्टवर १०३ लिहिलं असेल तर १० किलोओम, ४आर७ म्हणजे ४.७ ओम, पण १ मिमी लांबीच्या रेझिस्टरवर बहुतेक वेळा काहीच लिहिलेलं नसतं आणि तपकिरी कपॅसिटरवर तर कधीच नसतं. गाळा जळून गेला तरी डावीकडच्या-उजवीकडच्या दुकानांवरून पत्ता लागतो ना, तसं पॅड कुठे जोडलेत यावरून इथे पार्ट कळतो.

तर पॉवर सप्लाय पूर्ण काढा, जळालेली जागा आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि ब्रशने साफ करा, मल्टीमीटर बीप मोडवर ठेवा. एक पॅड ग्राउंडला बीप देतो आणि दुसरा एखाद्या लाइनला, तर तिथे बहुधा कपॅसिटर नाहीतर ईएसडी डायोड (स्थिर विजेच्या झटक्यापासून वाचवणारा) होता. दोन्हीपैकी एकही ग्राउंडला नाही, एक पॅड पोर्टच्या पिनकडे जातो आणि दुसरा आत चिपकडे, तर पार्ट लाइनच्या मधोमध होता, म्हणजे रेझिस्टर, बीड किंवा फ्यूज. पोर्टच्या १९ पिनांपैकी १८ नंबर ५ व्होल्टचा आणि १९ नंबर हॉट प्लगचा (टीव्ही जोडलाय हे कन्सोलला कळवणारा), त्यामुळे पॅड १८ ला बीप देत असेल तर फ्यूज किंवा बीडचा संशय आधी घ्या. चार पायांचे जे एकसारखे पार्ट ओळीने दिसतात ते डेटाच्या जोड्यांवरचे फिल्टर, त्यातला एक गेला असेल तर शेजारचा बघून तसाच हवा.

फ्यूज निघाला तर वायरने जोडू नका प्लीज. तो उगाच उडत नाही, पुढची लाइन ग्राउंडला शॉर्ट आहे का ते आधी तपासा, नाहीतर पुढचा एन्कोडरही जाईल आणि खर्च कुठल्या कुठे जातो.

राहिलं नाशिकचं, सुटा असा बारीक पार्ट मागायला जाऊ नका, एमजी रोडला किंवा रिपेअरिंगवाल्यांकडे त्याच नंबरचा डेड बोर्ड विचारा, त्याच जागेवरचा पार्ट हॉट एअरने काढला की व्हॅल्यूचा प्रश्नच येत नाही. कपॅसिटर मोजायचा असेल तर बाहेर काढूनच मोजा, बोर्डवर असताना रीडिंग चुकीचं येतं. एन्कोडर लागला तर मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला चौकशी करा.

बोर्डचा नंबर, त्या जागेचा जवळून काढलेला फोटो आणि दोन्ही पॅड कशाकशाला बीप देतात एवढं टाका, बघून सांगतो.