पदाच्या डोक्यावरची चाल

प्रश्न : आजोबांच्या पेटीत ‘संगीत सौभद्र’ आणि ‘संगीत स्वयंवर’ या नाटकांची जुनी पुस्तके सापडली. पहिल्यात बऱ्याच पदांवर नुसते ‘साकी’ किंवा ‘दिंडी’ असे छापले आहे, तर दुसऱ्यात राग, ताल आणि हिंदी चिजेचे (बंदिशीचे) पहिले शब्द आहेत. हा फरक का? काही पदांवर पेन्सिलीने फुल्याही मारलेल्या आहेत.
– एक वाचक, सांगली

उत्तर : ‘सौभद्र’ १८८२ चे आणि ‘स्वयंवर’ १९१६ चे, या ३४ वर्षांत नाटकातल्या पदाचे कामच बदलले. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये आपल्याच सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केले तेव्हा पदे सूत्रधार म्हणत असे. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० च्या ‘शाकुंतला’त ती पात्रांच्या तोंडी घातली. मात्र प्रत्येक नट काही गवई नव्हता, आणि प्रेक्षकांचा कान कीर्तनावर पोसलेला होता. १९ मात्रांची दिंडी किंवा २८ मात्रांची साकी ही कीर्तनातली ठरलेल्या चालीची वृत्ते कशी म्हणायची हे सर्वांनाच ठाऊक असल्यामुळे नुसते नाव छापले तरी पुरे. बोलता बोलता नट साकीत शिरे, दोन-चार ओळींत पुन्हा संवादावर येई आणि कथानक कुठे खोळंबत नसे.

१९११ च्या ‘मानापमाना’त गोविंदराव टेंब्यांनी पूरब अंगाच्या (बनारस-लखनौकडच्या धाटणीच्या) ठुमरी-दादऱ्याच्या चाली आणल्या आणि ‘स्वयंवरा’त भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या, म्हणजे रागदारी मैफलीतल्या मुख्य गायनप्रकाराच्या, बंदिशी दिल्या. बुवा लहानपणी किर्लोस्कर नाटक मंडळीत नट होते. पुढे फैजमहंमद खाँ, नथ्थन खाँ आणि अल्लादिया खाँ यांच्याकडे शिकून ते मोठे गवई झाले. पदाच्या डोक्यावरचे हिंदी शब्द म्हणजे मूळ बंदिशीची खूण होय. तिच्या मापाने ‘स्वयंवर’चे नाटककार खाडिलकरांनी मराठी शब्द बेतले. म्हणूनच त्यांची काही पदे वाचताना अडखळायला होते, पण गाताना तेच शब्द समेवर (तालाच्या पहिल्या मात्रेवर) अचूक येतात. बालगंधर्वांसारखा भास्करबुवांचाच शिष्य रुक्मिणी झाल्यावर पद रंगत जाई, ‘वन्स मोअर’ येत आणि कृष्णाला ताटकळावे लागे. नाटक म्हणून हे नुकसानच होते, असे आमचे मत आहे. पण मैफलीची पायरी कधी न चढलेल्यांच्या कानी ख्याल पडला तो याच पदांमुळे, हेही तितकेच खरे.

फुल्यांवरून ती प्रत तालमीत वापरलेली दिसते. पूर्वी ही नाटके रात्रभर चालत. पुढे ती तीन-चार तासांत बसवताना पदे गाळावी लागली. ‘सौभद्रा’तल्या फुल्या साक्या-दिंड्यांवरच अधिक आहेत का, ते जरूर पाहावे.