स्थानिक विद्यापीठांमुळे शिक्षणातली प्रादेशिक विषमता कशी कमी होऊ शकते?

अंतर, खर्च आणि भाषा हे तीन अडथळे विद्यापीठाने स्वतःच्या अंगावर घेतले, तर विषमता नक्की कमी होते. नुसती इमारत जवळ आणून फारसं काही होत नाही. गोंडवाना विद्यापीठाचं उदाहरण घ्या. २०११ मध्ये नागपूर विद्यापीठातून चंद्रपूर आणि गडचिरोली हे दोन जिल्हे वेगळे काढून ते स्थापन झालं. त्याआधी गुणपत्रिकेतली चूक दुरुस्त करायची तरी नागपूर गाठावं लागे. गडचिरोली जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला असलेल्या सिरोंचाच्या मुलीसाठी हा प्रवास म्हणजे एसटीचं भाडं, मुक्काम आणि आईवडिलांची बुडालेली मजुरी. अशाच कामांपायी शिक्षण सुटतं, आणि त्याची नोंद कुठे होत नाही. पण नवं विद्यापीठ ज्या गडचिरोली शहरात आहे, तेही सिरोंचाहून जवळपास २०० किलोमीटर आहे, म्हणून तालुक्याच्या गावी उपकेंद्र, मुलींचं वसतिगृह आणि वेळेवर मिळणारी शिष्यवृत्ती या गोष्टी आधी हव्यात. अभ्यासक्रमही तिथल्या जगण्याशी जोडलेले हवेत: बांबू, तेंदूपाने, मोहफुलं, ग्रामसभेचे हिशेब, वनहक्काचे दावे. घरी माडिया, गोंडी किंवा तेलुगू बोलणाऱ्या मुलांना पहिल्या वर्षी मराठी-इंग्रजीसाठी वेगळी मदत मिळालीच पाहिजे.

एक मर्यादा मात्र आहे. प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि तासाप्रमाणे मानधन घेणाऱ्या, म्हणजे तासिका तत्त्वावरच्या शिक्षकांवरच कारभार चालला, तर जवळचं विद्यापीठ दुय्यम दर्जाची पदवी देणारं ठरतं. शिवाय गळती बरीचशी शाळेतच होते. तिथे विद्यापीठाचा हात शिक्षक-प्रशिक्षणापुरताच पोहोचतो.