रिपोर्टमधलं ‘आढळले नाही’ कधी खरं मानायचं?

प्रश्न : माझ्या द्राक्षांच्या निर्यात-रिपोर्टवर ‘एलसी-एमएस/एमएस, ईएसआय पॉझिटिव्ह’ असं लिहिलंय. प्रयोगशाळेत नोकरीला असलेला पुतण्या म्हणतो, काही औषधांना एपीसीआय लागतं. मशीन एकच, मग दोन तऱ्हा कशाला? आणि एखाद्या औषधावर विद्युतभार चढलाच नाही, तर रिपोर्टवर ‘आढळले नाही’ असंच येणार का?
– एक बागायतदार, निफाड तालुका

उत्तर : येऊ शकतं. म्हणूनच तुमचा शेवटचा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो.

एलसी-एमएस/एमएस म्हणजे द्रवाच्या प्रवाहात पदार्थ सुटे करणारा कॉलम आणि त्यापुढे रेणू वस्तुमानावरून ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर. ईएसआय आणि एपीसीआय या रेणूला भार देण्याच्या दोन तऱ्हा. मास स्पेक्ट्रोमीटरला फक्त भारित रेणू दिसतात. कॉलममधून येतो तो द्रव, आणि मशीनच्या आत असते निर्वात पोकळी. मिनिटाला १ मिलिलिटर पाणी आलं तरी त्याची वाफ लिटरभराहून जास्त होते. हा सांधा जुळवण्यात संशोधकांची कित्येक वर्षं गेली. येल विद्यापीठात जॉन फेन यांनी १९८०च्या दशकात ईएसआय, म्हणजे इलेक्ट्रोस्प्रे, कामाला लावलं. त्या कामाला २००२ सालच्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये वाटा मिळाला.

ईएसआयमध्ये बारीक नळीच्या टोकाशी तीन-चार हजार व्होल्ट असतात. द्रवाचे भारित तुषार उडतात, गरम नायट्रोजनमध्ये सुकत लहान होतात, भार मावेनासा झाला की फुटतात आणि शेवटी भारित रेणू मोकळे होतात. कॉलममधून औषधं वाहून नेणाऱ्या द्रवात, म्हणजे मोबाइल फेजमध्ये, थोडं फॉर्मिक आम्ल घातलेलं असतं, त्यामुळे बऱ्याच औषधांना प्रोटॉन, म्हणजे धनभार, सहज मिळतो; रिपोर्टवरचं ‘पॉझिटिव्ह’ ते हेच. एपीसीआयमध्ये क्रम उलटा. आधी चारशे अंशांच्या आसपास तापवून सगळ्याची वाफ करायची, मग सुईच्या टोकावरच्या कोरोना डिस्चार्जने, म्हणजे विद्युत-विसर्गाने, वाफेतच भार द्यायचा. कमी ध्रुवीय (पाण्यात फारसे न रमणाऱ्या), उष्णता सोसणाऱ्या रेणूंना हे मानवतं. तापाने मोडणाऱ्यांना नाही. दोन्हींना दाद न देणाऱ्यांसाठी क्रिप्टॉन दिव्याच्या प्रकाशाने भार देणारी एपीपीआय आहे, पण द्राक्षाच्या कामात ती क्वचितच लागते.

आता सीसीसीचं, म्हणजे क्लोरमेक्वाट क्लोराइडचं, बघा. छाटणीनंतर फुटीची वाढ आवरायला आपल्याकडे ते फवारत. २०१० साली युरोपात आपल्या द्राक्षांत त्याचे अंश सापडले आणि बागायतदारांना जबर फटका बसला. हा रेणू मुळातच धनभारित. ईएसआयला त्याला भार द्यावाच लागत नाही. १२२ वस्तुमानाचा आयन थेट येतो, तो फोडला की ५८चा तुकडा मिळतो. क्लोरीनमुळे १२४लाही साधारण तिसऱ्या हिश्श्याचा जोडीदार दिसतो, म्हणजे ओळख पक्की.

मग अडतं कुठे? सोर्सच्या, म्हणजे भार देणाऱ्या भागाच्या, आधी. इथाइल ॲसिटेटने शेकडो औषधं एकदम काढण्याची जी पद्धत आहे, तिच्यात सीसीसी येतच नाही, इतकं ते पाण्यात रमणारं. त्याला मिथेनॉलचं वेगळं निष्कर्षण करावं लागतं. पाण्यात कमी रमणाऱ्या रेणूंना धरून ठेवणाऱ्या नेहमीच्या सी-१८ कॉलमवर ते थांबत नाही, सुरुवातीलाच द्राक्षातल्या साखरेबरोबर बाहेर पडतं. तुषाराच्या पृष्ठभागावर जागा मोजकीच. बाकीच्या पदार्थांनी ती अडवली की औषध असूनही आलेखावरचा त्याचा उंचवटा (पीक) बसका येतो. ईएसआयची ही खोड मी रोज बघते. एपीसीआयमध्ये ती कमी, पण नसते असं नाही.

यावर उपाय एकच, आणि तो मी कधीच टाळू देत नाही. अवशेषमुक्त द्राक्षं घ्यायची, निष्कर्षणाआधीच त्यांत औषध मोजून घालायचं, तेवढंच परत मिळतंय का बघायचं, आणि ज्यांच्याशी तुलना करून आकडा काढतात ती प्रमाण-द्रावणंही अशाच द्राक्षांच्या अर्कात बनवायची. नुसत्या सॉल्व्हंटमधल्या प्रमाणाशी तुलना केलेला आकडा मला चालत नाही.

तेव्हा रिपोर्ट हातात घेताना तीन गोष्टी विचारा : माझी फवारलेली औषधं तुमच्या यादीत आहेत का, प्रत्येकाची किमान मोजमापाची मर्यादा किती, आणि द्राक्षात घातलेलं औषध शेकडा किती परत मिळतं. तुम्हाला हे विचारायचा हक्क आहे, आणि चांगल्या प्रयोगशाळेत ही कागदपत्रं तयारच असतात. फवारणीची नोंदवही सोबत न्या, म्हणजे यादी तिथल्या तिथे ताडून बघता येईल.