लग्नाच्या सीडी कॉपी करताय? आधी हे बघा

कॉपी करताना सीडी किंवा ड्राइव्ह खराब होईल अशी भीती वाटत असेल, तर निर्धास्त सुरुवात करा. सीडी वाचताना तिला फक्त लेसरचा प्रकाश लागतो, स्पर्श कशाचाच होत नाही. त्यामुळे कॉपी केल्याने चकती झिजत नाही. शंभर चकत्या वाचल्या म्हणून चांगला ड्राइव्हही बिघडत नाही.

खरा धोका तडा गेलेल्या चकतीचा. मधल्या भोकापाशी केसाएवढी चीर असली तरी ती ड्राइव्हमध्ये घालू नका. ५२एक्स वेगाला (सीडीच्या मूळ वेगाच्या ५२ पट) चकती मिनिटाला साधारण १०,००० फेरे घेते. ती आत फुटली तर ड्राइव्ह गेलाच. अर्धवट सुटलेलं स्टिकरही तसंच घातक.

नवशिके हमखास चुकतात ते इथे:

- गोल गोल पुसणं. मऊ सुती कापडाने मधून कडेकडे सरळ पुसा.
- चकचकीत बाजू जपणं आणि छापील बाजूवर बॉलपेनने लिहिणं. सीडीत माहितीचा थर छापील बाजूच्या लगेच खाली असतो, तिथला ओरखडा पॉलिश करूनही जात नाही.
- वाचताना अडकलेली चकती रात्रभर फिरवत ठेवणं. वेग कमी करून बघा, नाहीतर दुसऱ्या ड्राइव्हमध्ये घाला.

घरी बर्न केलेल्या (कॉम्प्युटरवर भरलेल्या) जुन्या चकत्या सगळ्यात आधी घ्या. त्यातला माहिती साठवणारा रंगद्रव्याचा थर उन्हाने, उष्णतेने खराब होतो.