प्रश्नावलीत 'सजगता', 'भान' की 'ध्यान'?

धुळ्याच्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न आहे. 'माइंडफुलनेस', म्हणजे आत्ता जे चाललंय त्याकडे लक्ष असणं, मोजणारी प्रश्नावली तिला मराठीत आणायची आहे. उत्तरं देणारे साक्री-शिरपूरकडचे, घरात अहिराणी बोलणारे. मूळ शब्दासाठी 'सजगता' घ्यावा, 'भान' की 'ध्यान'?

माझं मत : प्रबंधाच्या शीर्षकात 'सजगता' खुशाल लिहा, पण लोकांसमोर ठेवायच्या विधानांत तो येऊ देऊ नका. 'सजग' म्हटलं की फसवणुकीवर डोळा ठेवणारा ग्राहक आठवतो. शिवाय शब्द इतका चांगला, की 'तुम्ही सजग असता का?' याला नाही कोण म्हणेल? 'भान' जवळचा आहे, पण कीर्तनात भान हरपणं ही आपल्याकडे कौतुकाची गोष्ट.

'ध्यान' मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. 'माइंडफुलनेस'मागचा मूळ शब्द बौद्ध ग्रंथांतला, पाली भाषेतला 'सति', म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. पाली ग्रंथांचे इंग्रजी भाषांतरकार रिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली त्यालाच 'माइंडफुलनेस' म्हटलं. आता अहिराणी पाहा : 'ध्यानमा ऱ्हास' म्हणजे आठवणीत राहतं, आणि 'ध्यान दे' म्हणजे लक्ष दे. स्मरण आणि लक्ष एकाच शब्दात, अगदी 'सति'सारखं! मात्र हीच श्रीमंती प्रश्नावलीत नडते. तुम्ही लक्षाबद्दल विचाराल आणि साक्रीची आजी विसरभोळेपणाबद्दल उत्तर देईल. म्हणून 'ध्यान दे' याच अर्थाची वाक्यं वापरा, 'ध्यानात राहणं' टाळा.

ब्राउन आणि रायन या मानसशास्त्रज्ञांच्या २००३ च्या १५ विधानांच्या प्रश्नावलीत तर सगळी विधानं लक्ष नसल्याचीच आहेत : खातोय याकडे लक्ष नसताना खाणं, निष्काळजीपणे वस्तू सांडणं. 'शेंगा खाता खाता कधी संपल्या ते कळतच नाही' असं लिहा, कोणालाही समजेल. खरी अडचण पर्यायांची. 'जवळजवळ नेहमी' ते 'जवळजवळ कधीच नाही' अशा सहा पायऱ्या आहेत. 'लक्ष न देता' या नकारावर 'कधीच नाही' हा दुसरा नकार आला की माणूस गोंधळतो. 'कळत नाही, असं किती वेळा होतं?' असं तोंडी विचारून खूण तुम्हीच करा.

आणि एक गोष्ट शब्दांनी सुटणार नाही. ज्याचं लक्ष सतत भरकटतं, त्याला ते भरकटल्याचं कळतं कुठे? नुकताच विपश्यनेला बसू लागलेला माणूस स्वतःचं भरकटणं जास्त टिपतो, म्हणून स्वतःला कमी गुण देऊ शकतो. बेअर आणि सहकाऱ्यांच्या २००६ च्या पाच पैलूंच्या प्रश्नावलीतही हे जाणवतं. त्यातला 'निरीक्षण' हा पैलू ध्यानधारणा करणाऱ्यांत बाकीच्या पैलूंशी जुळला, सर्वसाधारण लोकांत तसा जुळला नाही. चालताना अंगाला काय जाणवतं ते टिपणं, हा त्यातलाच एक प्रश्न. मे महिन्यात भर दुपारी शेतातून परतणारा शेतकरी याला 'नेहमी' म्हणेल, पण ते उन्हामुळे.

त्यामुळे भाषांतर झालं की आकडे गोळा करण्याआधी गावात काही जणांना प्रत्येक विधान वाचून दाखवा आणि 'यातून तुम्हाला काय समजलं?' एवढंच विचारा. त्यांची उत्तरं अहिराणीत जशी येतील तशीच लिहून घ्या.