स्मॅश अल्टिमेटमध्ये जिगलीपफसारखं हलकं कॅरेक्टर घेऊन खेळण्यात अर्थ आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: 'सुपर स्मॅश ब्रदर्स अल्टिमेटमध्ये मला जिगलीपफ आवडते, पण जरा कुणी फटका दिला की ती स्क्रीनबाहेर. मित्र हसतात. तिचे फायदे-तोटे काय? की सरळ एखादं वजनदार कॅरेक्टर धरू?'

मी कोल्हापूरचा. २०१९ मध्ये मावसभावानं दुबईहून स्विच (हा मारामारीचा गेम ज्यावर चालतो तो निन्टेंडोचा कन्सोल) आणला, तेव्हापासून राजारामपुरीत एका मित्राच्या माडीवरच्या खोलीत आम्ही पाच-सहा जण रविवारी जमतो. त्यात मी पहिल्यापासून जिगलीपफवाला (ती गुलाबी, गोल पोकेमॉन), त्यामुळे हसून घेण्यात तुमच्यापेक्षा सीनियर आहे. फार मोठा खेळाडू नाही, पण तिला घेऊन इतक्या वेळा मेलोय की ती कशानं मरते हे झोपेतही सांगेन.

आधी 'हलकं' म्हणजे काय ते बघू, कारण इथंच बहुतेकांचा घोळ होतो. स्ट्रीट फायटर ६ या दुसऱ्या मारामारीच्या गेममध्ये बहुतेकांची जीवाची पट्टी १०,००० ची. आकुमाची ९,००० आणि झांगीफची ११,०००. तिथं नाजूक म्हणजे पट्टी लहान, विषय संपला. स्मॅशमध्ये पट्टीच नाही. मार बसेल तसे टक्के चढतात, टक्के चढतील तसं तुम्ही लांब उडता, आणि स्टेजभोवतीची न दिसणारी हद्द ओलांडली की एक जीव गेला. किती लांब उडणार हे ठरवणारा वजनाचा आकडा प्रत्येकाला दिलेला आहे, तो गेम कुठं दाखवत नाही. बाउझर १३५, किंग के. रूल १३३, मारिओ ९८, जिगलीपफ ६८. तिच्याहून हलका एकटा पिचू, ६२, आणि तो बिचारा विजेचा फटका मारताना स्वतःलाच इजा करून घेतो.

आता ६८ म्हणजे बाउझरच्या निम्मं, म्हणून ती दुप्पट उडते का? नाही. सूत्रात २०० भागिले (वजन अधिक १००) असा गुणक आहे. जिगलीपफचा येतो १.१९, मारिओचा १.०१, बाउझरचा ०.८५. म्हणजे वजनामुळं पडणारा फरक बाउझरच्या तुलनेत ४० टक्क्यांचा आणि मारिओच्या तुलनेत जेमतेम १८ टक्क्यांचा. हे मला कळलं तेव्हा मी जरा ओशाळलो, कारण दोन वर्षं प्रत्येक पराभवाचं खापर मी वजनावर फोडत होतो. मारिओ घेतला असता तरी त्यातले निम्मे जीव गेलेच असते.

दुसरी गोष्ट म्हणजे पडण्याचा वेग. हलकं असणं आणि हवेत तरंगणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. फॉक्सचं वजन ७७, तोही हलकाच, पण तो दगडासारखा खाली येतो. त्यामुळं खालून वर फेकलं की परत हाताशी येतो आणि समोरचा त्याला लागोपाठ पाच-सहा फटके घालतो. जिगलीपफ सगळ्या कॅरेक्टरांत सावकाश पडते. दोन फटके बसले की ती आपोआप हाताबाहेर जाते, कॉम्बो (लागोपाठच्या फटक्यांची साखळी) तुटतो. म्हणजे तिचे टक्के सावकाश चढतात, पण चढल्यावर ती लवकर जाते. बाउझरचं नेमकं उलटं: अंग मोठं, सगळे फटके बसतात, पण मरत नाही. (आकारावरूनही फसू नका. सेफिरॉथ केवढा उंच आणि तलवार त्याहून लांब, पण वजन ७९, म्हणजे गोलमटोल कर्बीइतकंच.)

कोल्हापुरात वजनाचं बोलणं कुस्तीशिवाय पुढं सरकत नाही. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं ते ५७ किलोच्या गटात. गाव त्यांचं कराडजवळचं गोळेश्वर, पण शिकले इथं राजाराम कॉलेजात, म्हणून आम्ही त्यांना आमचेच म्हणतो. पण त्यांच्यासमोर येणाराही ५७ किलोच्या गटातलाच असायचा. स्मॅशमध्ये गट नाहीत. ६८ ची जोड खुशाल १३५ शी लागते आणि पंच काही म्हणत नाही.

आमचे आबा तरुणपणी गंगावेशीतल्या तालमीत जायचे. एका दिवाळीत स्विच आमच्या घरी होता, तेव्हा आबा चहा घेत मागं खुर्चीवर बसले होते. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ही गुलाबी पोरगी मातीला टेकतच न्हाई की रं."

मी म्हटलं, "टेकली की मरती, आबा."

"मग टेकू नगंस."

इतक्या व्हिडिओंतून जे डोक्यात शिरलं नव्हतं ते तीन शब्दांत आलं. जमिनीवर जिगलीपफ संथ आहे, हात-पाय आखूड आहेत, धावत जाऊन मारायला गेलात तर पोहोचायच्या आधी फटका बसतो. हवेत मात्र तिचा आडवा वेग अगदी वरच्या फळीतला, आणि जमिनीवरून एक व हवेत पाच अशा सहा उड्या. समोरचा मारायला आला की मागं सरकायचं, त्याचा फटका हवेत गेला की पुढं सरकून लाथ घालायची आणि परत मागं. कुस्तीच्या सुरुवातीच्या खडाखडीत नुसतं बोटाला बोट लावून अंदाज घेतात तसं. नवीन खेळणाऱ्याला यात कंटाळा येतो. तुम्हाला येत असेल तर हे कॅरेक्टर तुमचं नाही, एवढं आत्ताच सांगून ठेवतो.

तिची खरी दहशत स्टेजच्या बाहेर आहे. समोरचा कडेबाहेर गेला की बाकीचे काठावर वाट बघत थांबतात. ही त्याच्या मागं पोकळीत जाते आणि पाठीमागच्या लाथेनं त्याला ढकलत ढकलत हद्दीबाहेर नेते. याला खेळाडू 'वॉल ऑफ पेन' म्हणतात. लिटल मॅकसारख्या, हवेत काहीच न जमणाऱ्या कॅरेक्टरला तर ही साक्षात अवदसा. आमच्यातला एक जण फक्त मॅक खेळायचा. आता खेळत नाही.

पण बाहेर जाताना उड्या मोजा. बाकीच्यांकडं परत वर यायला एक खास चाल असते. हिची त्या जागची चाल म्हणजे गाणं: समोरचा झोपतो, पण ही एक इंचही वर चढत नाही. उड्या संपल्या की संपल्या. मध्येच कुणी फटका दिला तरी वापरलेल्या उड्या परत मिळत नाहीत. मी अजूनही तोंडानं 'तीन... चार...' पुटपुटतो आणि पोरं चेष्टा करतात.

आता रेस्ट. हलक्या पैलवानाकडं एक तरी डाव असा लागतो की बसला तर समोरचा थेट आस्मान बघेल. जिगलीपफचा तो डाव म्हणजे झोपणं. बटण दाबल्यावर दुसऱ्याच फ्रेमला लागतो, म्हणजे सेकंदाचा तिसावा भाग. त्या क्षणी तिला फटकाही लागत नाही. पण अंगाला अंग चिकटलेलं हवं, बोटभर अंतर राहिलं तरी फुकट. सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे खाली पडता पडता वरच्या दिशेचा फटका द्यायचा आणि तो बसला की लगेच रेस्ट. चुकलात तर ती साधारण चार सेकंद गाढ झोपते, तुमच्या हातात काहीही राहत नाही.

चार सेकंद म्हणजे किती, सांगतो. गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दोघांचाही शेवटचा जीव. मित्राचा बाउझर दीडशेच्या वर, माझे सत्तर. मी डोक्यावरून उतरलो, फटका चाटून गेला, घाईत रेस्ट दाबली आणि बाउझर केसभर बाजूला. जिगलीपफ झोपली. मित्रानं कंट्रोलर मांडीवर ठेवला. परातीतल्या भडंगाची मूठ तोंडात टाकली. बोटं पँटला पुसली. कंट्रोलर उचलला, बाउझरला नीट तोंड करून उभा केला, फटका ताणला आणि सोडला. हे सगळं ती झोपेत असताना. म्हणून माझं मत: दिवसभराच्या खेळात रेस्ट हातावर मोजण्याइतक्याच वेळा दाबा. मित्रांना हसवायला दाबायची असेल तर हवी तेवढी दाबा.

दोष आणखी आहेत. शील्ड (फटके अडवायची ढाल) फुटली की बाकीचे चक्कर येऊन डुलत उभे राहतात. ही मात्र गाठ सुटलेल्या फुग्यासारखी सरळ वर जाते, डोक्यावर छत नसेल तर एक जीव तिथंच खलास. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. पहिल्यांदा झालं तेव्हा गेम बिघडला असं वाटून मी स्विच बंद करून चालू केला होता. तेव्हा शील्ड धरून बसायची सवय असेल तर मोडा. आणि तलवारवाले! क्लाउड, आइक, मार्थ. त्यांचं टोक तिच्या पायाच्या कितीतरी आधी पोहोचतं. सॅमससारखे लांबून गोळे फेकणारेही वैताग आणतात, पण त्यांच्यात शिरता येतं.

जीव वाचवायला एक गोष्ट ताबडतोब शिका: फटका बसला त्या क्षणी स्टिकनं उडण्याची दिशा थोडी वळवता येते. आडवं उडवलं तर स्टिक वर आणि आतल्या बाजूला, म्हणजे स्क्रीनच्या कोपऱ्याकडं जाल; तिथं हद्द लांब पडते. सरळ वर उडवलं तर डावीकडं किंवा उजवीकडं. जड कॅरेक्टरवाले हे न शिकता वर्षभर खेळू शकतात. आपल्याला तशी मुभा नाही.

हंग्रीबॉक्स या खेळाडूचे व्हिडिओ तुम्हाला कुणीतरी दाखवलेच असतील. त्यानं जिगलीपफ घेऊन २०१६ ची इव्हो ही मारामारीच्या गेमची मोठी स्पर्धा जिंकली हे खरं आहे, पण तो गेम याच मालिकेतला २००१ सालचा जुना 'मेली'. (मराठीत जिगलीपफच्या गेमला याहून समर्पक नाव मिळणार नाही.) तिथं रेस्ट पहिल्याच फ्रेमला लागते आणि ती खेळातल्या सर्वोत्तम कॅरेक्टरांत मोडते. अल्टिमेटमधली तिच्या मानानं बरीच मवाळ आहे. त्याचं हवेतलं मागं-पुढं सरकणं आणि वाट बघणं तेवढं उचला, रेस्ट उचलू नका. आणि ऑनलाइन खेळत असाल तर रेस्टकडून अपेक्षा आणखी कमी करा. नेट जरा अडखळलं की सेकंदाच्या तिसाव्या भागात लागणारा डाव कुठल्या कुठं जातो.

आता वजनदार कॅरेक्टर धरू का, याचं उत्तर. आधी एक काम करा. पुढच्या दहा मॅचमध्ये प्रत्येक जीव कुठल्या फटक्यानं आणि किती टक्क्यांवर गेला ते कागदावर लिहा. मी लिहिलं होतं. माझे निम्म्याहून जास्त जीव शंभरच्या पुढं गेले होते, म्हणजे तिथं हलकेपणाचा फारसा दोषच नव्हता. उरलेल्यात चुकलेल्या रेस्ट आणि फुटलेली शील्ड. तुमच्याही यादीत असंच निघालं तर बाउझर घेऊन फरक पडणार नाही, फक्त मरायला वेळ लागेल. पण चाळीस-पन्नासलाच साध्या फटक्यांनी उडत असाल, आणि समोर नेहमी तलवारवालाच असेल, तर हट्ट करू नका. एक दुसरं कॅरेक्टर हाताशी ठेवा. माझ्यासमोर कुणी क्लाउड निवडला की मी मुकाट मारिओ घेतो.