घराला भेगा पडल्या आणि विमा कंपनीने नेमलेल्या इंजिनियरने 'सिंकहोल (खालची चुनखडी विरघळून जमीन खचणं) नाही' असा अहवाल दिला, तर त्यावर विश्वास ठेवावा का?

पैसे कंपनीने दिले म्हणून अहवाल खोटा ठरत नाही. आधी बघायचं ते किती आणि कुठे तपासायचं हे कोणी ठरवलं. फ्लोरिडाच्या विमा कायद्यात पुरेशा चाचण्या कोणत्या, हे इंजिनियर आणि भूशास्त्रज्ञांच्या मतावर सोडलंय. 'दोन बोअर (जमीन तपासायला पाडलेली भोकं) बास' असं कंपनीने सांगितलं आणि इंजिनियरने मान डोलावली, तर तिथेच घोळ झाला.

मग बोअरच्या जागा नकाशावर बघा. जमिनीखालचं दाखवणाऱ्या रडारने एका कोपऱ्याखाली गडबड दाखवली आणि बोअर मात्र गाडी सहज लागते त्या बाजूला, हे चालणार नाही. चिकणमातीत रडारचा सिग्नल वरच्या थरातच मरतो, त्यामुळे 'रडारमध्ये काही आढळलं नाही' या वाक्याला तिथे फारसा अर्थ नाही.

बोअरचा लॉग, म्हणजे किती खोलीवर काय लागलं याची नोंद, मागून घ्या. रॉड जमिनीत ठोकायला ६३.५ किलोचा हातोडा ७६ सेंमीवरून पडतो. पहिले १५ सेंमी सोडून पुढच्या ३० सेंमीला लागलेले ठोके म्हणजे एन-मूल्य, माती किती घट्ट आहे याचं माप. चुनखडीच्या जरा वर रॉड स्वतःच्या वजनानेच खाली गेले आणि ड्रिलिंगचं पाणी अचानक गायब झालं, तर संशय घ्यायलाच हवा. पण मऊ चिकणमातीतही रॉड असेच जातात आणि सच्छिद्र चुनखडीतही पाणी मुरतं. एवढ्यावरून 'सिंकहोलच' म्हणणारा घरमालकाचा इंजिनियरही तितकाच चुकतो. दाव्याच्या रकमेत त्याची टक्केवारी असेल तर त्याचं मत बाजूलाच ठेवा. जमिनीत ग्राउट (सिमेंटचं मिश्रण) भरायचं काम त्याच्याच भागीदाराला मिळणार असेल तरीही तेच.

'सिंकहोल नाही' एवढ्यावर अहवाल संपत असेल तर तो अर्धवट आहे. मग भेगा कशाने पडल्या? फुगणारी-आकसणारी माती, नीट न दाबलेला भराव, खाली कुजणारा पालापाचोळा, फुटलेला पाइप: यातलं कारण पुराव्यासह हवं. नुसतं 'नैसर्गिक खचणं' लिहिणं म्हणजे हात झटकणं.

कच्चा मसुदा मिळाला तर अंतिम अहवालाशी ताडून बघा. पत्ता किंवा मोजमाप चुकलं असेल तर ते कोणाच्याही सांगण्यावरून सुधारता येतं. निष्कर्ष फक्त नव्या माहितीवर बदलतो, आणि ती माहिती अहवालात दिसली पाहिजे.

बोअरमध्ये पोकळी लागली किंवा भेग दिवसागणिक रुंदावत असेल, तर गोपनीयतेचा करार असला तरी घरात राहणाऱ्यांना त्याच दिवशी सांगायचं. अहवाल नंतर टाइप होईल.